भाकरीच्या पिशवीतली बाटली

माझ्या बायकोला माझं सगळं ठाऊक आहे. परीक्षेत दोनदा आपटलो ते, लग्नाआधी कुणाच्या घरावरून विनाकारण सायकल फिरवायचो ते — सगळं. ही एक गोष्ट तेवढी तिलाही माहीत नाही. मुलांना नाही, विहारातल्या कुणाला नाही. मग तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा वय झालं म्हणून असेल. नेमकं कारण सांगता येत नाही. तसं या प्रकरणात मला नेमकं असं काहीच सांगता येत नाही, हे आधीच कबूल करून टाकतो.

गोष्ट एका बाटलीची आहे. लघवीच्या बाटलीची. हसा, हसून घ्या. मी आयुष्यभर लॅबमध्ये नोकरी केली, लोकांच्या थुंकी-लघवीवर माझं घर चाललं, मला त्याची लाज नाही. लाज दुसऱ्याच गोष्टीची आहे.

मी मूळचा कामरगावचा. पण मला वाढवलं ते कारंज्याला, माझ्या आत्याने. गोदाआत्या. ती लवकर विधवा झाली, मूलबाळ नव्हतं. वडिलांना म्हणाली, तुझा एक पोरगा मला दे, शिकवते. त्यात माझा नंबर लागला. ती जिनिंगमध्ये कामाला होती. म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणारी यंत्रं असतात, त्यांच्या तोंडात दिवसभर कापूस घालायचा. दिवाळीनंतर हंगाम सुरू व्हायचा तो उन्हं तापेपर्यंत. संध्याकाळी ती घरी यायची तेव्हा भुवयांसकट पांढरी झालेली असायची. आधी दारातच लुगडं झटकायची, मग खोकायची, आणि मग मला विचारायची, जेवला काय रे. हा क्रम मी वीस वर्षांचा होईपर्यंत कधी बदललेला पाहिला नाही.

तर दुष्काळ सरून पहिला बरा कापूस आला त्या हंगामातलं हे. सत्तरीच्या दशकातलं. तेव्हा आमचा वाशिम जिल्हा झालेला नव्हता, आम्ही अकोल्याचे. मी मॅट्रिक होऊन अकोल्याहून लॅबचा छोटा कोर्स करून आलो होतो आणि कामाच्या शोधात होतो. त्याच वेळी नागपूरचे एक डॉक्टर कारंज्याला येऊ लागले. त्यांचा अभ्यास होता कापसाच्या धुळीने होणाऱ्या छातीच्या आजाराचा. त्यांना इथे राहणारा, नमुने गोळा करणारा माणूस हवा होता. मला घेतलं. फक्त त्या हंगामापुरतं.

डॉक्टर मोठा भला माणूस. मला सगळं समजावून सांगायचे, अगदी मी त्यांच्या बरोबरीचा असल्यासारखं. फुप्फुस म्हणजे चिवट धाग्यांनी विणलेली पिशवी, ते म्हणायचे. धूळ जाऊन जाऊन ते धागे तुटू लागतात. माणूस धापा टाकू लागतो तेव्हा आपल्याला कळतं, पण तेव्हा उशीर झालेला असतो. मात्र धागे तुटले की त्यांचे कण रक्तात येत असणार आणि लघवीवाटे बाहेर पडत असणार. ते मोजता आले तर? माणसाला दम लागायच्या पाच वर्षं आधी त्याला सांगता आलं तर, की बाबा, तू आता या धुळीतून ऊठ? हे सांगताना त्यांचे डोळे चमकायचे. मलाही भरून यायचं. मला वाटायचं, ही तर आत्याचीच गोष्ट चालली आहे.

आणि नुसता अभ्यास नव्हता. डॉक्टरांनी जिनिंगच्या मालकाकडून शब्द घेतला होता. ज्यांच्या तपासणीत दोष निघेल त्यांना यंत्राजवळून उठवून बाहेरचं काम द्यायचं. वजनकाट्यावर, फाटकावर, पोती शिवायला — धुळीबाहेर कुठेही, त्याच मजुरीवर. हे नीट लक्षात ठेवा. एका बाटलीवर माणसाने पुढे कुठली हवा घ्यायची ते ठरणार होतं.

नियम दोन होते. तपासणीआधी तीन दिवस मटण खायचं नाही, कारण बकऱ्याच्या अंगातले तसलेच धागे आपल्या लघवीत उतरतात आणि हिशेब चुकतो. आणि दुसरं, एका सकाळपासून दुसऱ्या सकाळपर्यंतची सगळी लघवी एका मोठ्या तपकिरी काचेच्या बाटलीत जमा करायची. सगळी. कामावर असतानाचीसुद्धा.

पहिल्या नियमाची गंमत ऐका. मी फॉर्म घेऊन प्रत्येकाला विचारायचो, मटण खाल्लं का? सगळे छातीवर हात ठेवून नाही म्हणायचे. आणि ते खोटंही बोलत नव्हते! आमच्याकडे छातीचं दुखणं असलं की बकऱ्याच्या पायांचा रस्सा पितात. पाया. तास न् तास उकळून चिकट झालेला. शामराव म्हणून एक जुना कामगार होता, त्याला मी खोदून विचारलं तेव्हा तो माझ्यावरच चिडला. "मटन कुठं खाल्लं बे? पायाचा रस्सा पेलो. ते त औशद हाय!" आता औषधाला कोण मटण म्हणतं? मी फॉर्मवर लिहिलं — मटण नाही. इतरांचंही तसंच लिहिलं. डॉक्टरांना सांगायला हवं होतं का? हवं होतं. पण तोवर अर्धे फॉर्म भरून झाले होते आणि सगळ्यांना पुन्हा तीन दिवस पथ्याला बसवायचं म्हणजे... जाऊ द्या. ही माझी छोटी चूक. मोठी पुढे आहे.

आत्याही बाजाराच्या दिवशी पाया आणायचीच. पण ती पडली माझी आत्या. तिने मला विचारलं, मी डॉक्टरांना विचारलं. म्हणजे पाहा, तिच्यापुरतं विचारलं! डॉक्टर हसले आणि म्हणाले, अरे, तोच तर सगळ्यात वाईट, मुळीच नको. आत्याने त्या क्षणी बंद केला. तीन दिवस नुसतं वरण आणि भाकर. साऱ्या जिनिंगमध्ये तो नियम नीट पाळणारी ती एकटीच असावी, असं मला वाटतं.

आता दुसरा नियम. बायका बाटली घ्यायलाच तयार होईनात. तोंडाला पदर लावून हसायच्या, पळून जायच्या. मीही मान खाली घालूनच विचारायचो. शेवटी आत्या पुढे आली. सगळ्यांसमोर म्हणाली, "आना हिकडं. माहा पोट्टा डाक्टरचं काम करून राह्यला, त्याले मी नाई देनार त कोन देईन?" आणि बाटली घेऊन गेली.

तिच्याकडे पिशवी एकच होती. भाकरीची. घरी शिवलेली, निळ्या कापडाची. दुसऱ्या दिवशी तिने खाली बाटली ठेवली, वर फडक्यात गुंडाळलेली भाकर, आणि कामावर गेली. दुपारी बायकांना ते कळलं. कळल्यावर त्या उठल्या आणि डबे घेऊन दुसऱ्या भिंतीकडे जाऊन बसल्या. आत्याने एकटीने भाकर खाल्ली. मी फॉर्म घेऊन दारात उभा होतो, मी हे पाहिलं. बाजूला बसून जेवणं काय असतं, हे आमच्या माणसांना कुणी शिकवायला नको. लहानपणी तिने ते पोटभर भोगलं होतं. धम्म घेतल्यावर त्यातून मोठ्या मुश्किलीने बाहेर आली होती. आणि आता माझ्या बाटलीपायी पुन्हा तीच जागा, पुन्हा एकटी. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. जा, तुझं काम कर, असं. मी गेलो.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिने ती पिशवी माझ्या हातात दिली. तोंड दोरीने बांधलेलं. "एक थेंब बी बाहेर नाई टाकला बापू," ती म्हणाली. "मोजून पाह्य म्हना डाक्टरले." मला एवढं आठवतं, की तिला त्याचा अभिमान वाटत होता.

माझ्याकडे नमुन्यांसाठी लाकडी खोका होता, आत कापूस भरलेला. सायकलच्या कॅरियरला बांधायचो. त्या दिवशी खोका भरलेला होता, म्हणून आत्याची पिशवी मी हँडलला अडकवली. गावातल्या दवाखान्यात पोचायचं होतं, नमुने न्यायला डॉक्टरांची जीप अकराला तिथे येणार होती. आठ वाजले होते. वेळ भरपूर होता. एस.टी. स्टँडजवळ सायकल उभी केली आणि चहाला बसलो. चहा मागवला, मग भजी मागवली. का नाही मागवणार? मी बावीस वर्षांचा होतो, खिशात पहिली नोकरी होती.

स्टँडवर बकऱ्या फिरत असतात. त्या पिशवीला भाकरीचा वास होता. एका बकरीने पिशवी ओढली, सायकल कलंडली, आणि मी भजं हातात घेऊन उठेपर्यंत सगळं संपलं होतं. खोक्यातल्या बाटल्या कापसात शाबूत राहिल्या. पिशवीतली फुटली. निळं कापड भिजलं, खालची माती भिजली. कुणीतरी हसून विचारलं, "काय सांडलं रे, तेल काय?" मी म्हणालो, औषध. आणि मीही हसलो. हे हसणं मला आजही ऐकू येतं.

आता यापुढचं सांगताना मला दरवेळी थांबायला होतं. दरवेळी म्हणजे मनातल्या मनात, कारण मोठ्याने हे पहिल्यांदाच चाललं आहे.

मी काय करू शकत होतो? डॉक्टरांना सांगू शकत होतो, बाटली फुटली. ते रागावले असते. एक बाटली मी आधीच फोडली होती, आणि पुन्हा फुटली तर दुसरा माणूस बघतो, असं ते बोलून बसले होते. रागाच्या भरात बोलले असतील. बहुधा ठेवलंच असतं मला. किंवा आत्याला सांगू शकत होतो, आत्या, पुन्हा एकदा भर. ती भरून देती. शंभरदा भरून देती. पण पुन्हा तीन दिवस पथ्य, पुन्हा ती पिशवी, पुन्हा ती दुपार. मला तिची कीव आली म्हणून मी तिला सांगितलं नाही — असं मी स्वतःला कितीतरी वर्षं सांगत आलो. आता म्हणवत नाही. मला तिच्यासमोर उभं राहायची भीती वाटली, बस्स.

दवाखान्यात रिकामी बाटली होती. कोपऱ्यात पाण्याचा माठ होता. मी तांब्यामागून तांब्या पाणी प्यायलो आणि अकरापर्यंत तीनदा मागच्या संडासात गेलो. बाटली निम्मी झाली. तेवढं पुरे होतं. कामावर असताना आडोशाला जावं लागू नये म्हणून बायका पाणीच पीत नाहीत, त्यांची बाटली निम्मीच भरणार हे डॉक्टरांनाही माहीत होतं. मग मी चिठ्ठी चिकटवली. माझं अक्षर चांगलं आहे. मी सुरेख अक्षरात आत्याचं नाव लिहिलं.

काचा काढून पिशवी धुतली आणि संध्याकाळी परत दिली. आत्याने ती पुन्हा धुतली, तीन वेळा, आणि दुसऱ्या दिवशी भाकर घालून कामावर घेऊन गेली.

महिन्याने निकाल आला. शामराव आणि आणखी दोघांच्या तपासणीत दोष निघाला. तिघेही धुळीतून उठले. शामराव फाटकावर स्टुलावर बसू लागला आणि पुढे कितीतरी वर्षं तिथे बसलेला मी पाहिला. आत्याचा कागद डॉक्टरांनी मुद्दाम माझ्या हातात दिला. खाली लिहिलं होतं — दोष नाही. "तुझ्या आत्यांना काही झालेलं नाही," ते म्हणाले. "साधा जुना खोकला आहे. काळजी करू नकोस." मी म्हणालो, बरं झालं साहेब.

बरं झालं साहेब! तोंड उघडलं ते एवढ्यासाठी. त्याच टेबलावर माझ्यासाठी लिहिलेलं शिफारसपत्र पडलं होतं, अकोल्याच्या कायमच्या नोकरीचं. ते मला दिसत होतं. त्यामुळे बोललो नाही का? हो, त्यामुळेच. निदान त्या दिवशी तरी त्यामुळेच. नंतरच्या दिवसांचं मला नीट सांगता येत नाही. नोकरी लागली, पक्की झाली, मग कशाची भीती होती? आत्या जिवंत होती. कुठल्याही रविवारी कारंज्याला जाऊन सांगू शकत होतो. दर रविवारी जायचो. जेवून परत यायचो.

निकालाचा कागद येण्याआधी वडिलांचं आणि तिचं ठरत आलं होतं. जिनिंग सोडायची आणि कामरगावला भावाकडे येऊन राहायचं. तिलाही पटलं होतं, छाती फार भरते म्हणायची. कागद आला आणि तो बेत मोडला. वडिलांसमोर तिने तो कागद उलगडून धरला. तिला वाचता येत नव्हतं, तरी बोट ठेवून दाखवलं. "हे पाह्य भाऊ, नागपूरचा डाक्टर काय म्हनते. मले काई नाई झालं. मंग घरी बसून काहून खाऊ?" आणखी दोन पूर्ण हंगाम ती त्या यंत्रासमोर उभी राहिली. पहिल्यापेक्षा जोमाने. खोकला आला तर खोकल्यालाच रागे भरायची.

तिसऱ्या हंगामात तिला उभं राहवेना. आम्ही तिला कामरगावला आणलं. आडवं होता येत नव्हतं. कापसाच्या गाठोड्याला टेकून ती दिवसभर ओसरीवर बसलेली असायची, तोंड उघडं टाकून. एका दुपारी मी जवळ बसलो होतो. थांबून थांबून म्हणाली, "माह्यातच काई खोड असन बापू. कागद त साफ हाय. मीच आळशी झाली असन."

तुम्ही सांगा, त्या वेळी तरी मी बोलायला नको होतं? ती मरायला टेकलेली बाई स्वतःला आळशी म्हणत होती. मी तिला पाणी पाजलं. तोंड पुसलं. जास्त बोलू नको म्हणालो. चार दिवसांनी ती गेली.

आता माझा गोंधळ ऐका. पुढे काही वर्षांनी डॉक्टरांचं पत्र आलं. त्यांनी तो शोध सोडून दिला होता. आकडे जुळतच नाहीत, त्यांनी लिहिलं होतं. धडधाकट दिसणाऱ्यांत दोष निघतो आणि धापा टाकणाऱ्यांत निघत नाही, बहुधा ही वाटच चुकीची असावी. आकडे का जुळत नाहीत ते मला माहीत होतं. शामरावच्या बाटलीत पाया होता. मग आत्याची खरी बाटली पोचली असती तर? तिने तर पाया सोडला होता. तिच्या लघवीत तुटलेले धागे दिसले असते, की त्या परीक्षेला मुळात काही दिसतच नव्हतं? कदाचित तिच्या स्वतःच्या बाटलीवरही डॉक्टरांनी लिहिलं असतं — दोष नाही. मग मी तिचं काय वाईट केलं? काहीच नाही? आणि मी तिला पथ्याचं सांगितलंच नसतं, इतरांसारखी रस्सा पिऊन आली असती, तर फाटकावर शामरावशेजारी बसली असती? म्हणजे खरं वागली म्हणून ती गेली? मी फिरून फिरून इथेच येतो आणि मला खरोखर कळत नाही. माझ्या हाताखाली शिकलेली पोरं आता मोठाल्या लॅबमध्ये आहेत. ती सांगतात, रक्ताच्या एका थेंबातून शेकडो द्रव्यं मोजतात, आणि छातीच्या जुन्या आजाराची आधी लागणारी चाहूल अजून शोधताहेत. अजून! मी त्यांना म्हणतो, शोधा. नमुना ज्याचा त्याचाच आहे ना, एवढं बघा. त्यांना वाटतं म्हातारा शिस्तीचा आहे.

पंचशीलातलं चौथं शील खोटं न बोलण्याचं. विहारात ते म्हणताना माझा आवाज जरा खाली येतो. शेजारच्यांना वाटतं, वयामुळे.

पण वयाने माझ्या छातीचं काही बिघडवलेलं नाही. मी सत्तरीच्या पुढे आहे आणि विहाराचा जिना न थांबता चढतो. मागच्या महिन्यात मुलाने सगळ्या तपासण्या करून घेतल्या. छातीच्या डॉक्टरीणबाई फोटोकडे बघून म्हणाल्या, काका, तुमची फुप्फुसं तिशीतल्या माणसासारखी आहेत. मुलगा खूश झाला. घरी आल्यावर मी आत्याच्या पत्र्याच्या पेटीतून तो जुना कागद काढला. तिने तो निळ्या कापडाच्या तुकड्यात गुंडाळून ठेवला होता. पिशवी फाटल्यावर त्यातलंच कापड असावं. घड्यांवर झिजला आहे, पण अक्षर वाचता येतं. दोष नाही. इतक्या वर्षांत तो कागद खोटा ठरलेला नाही. त्यावरचं नाव तेवढं तिचं आहे.